ऊर्जेची उतरंड : घाटाखालच्या वावटळीपासून पावसाच्या अंदाजापर्यंत

मे महिन्याच्या दुपारी बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याच्या पट्ट्यात, नांगरून पडलेल्या काळ्या रानातून वावटळ उठते. पालापाचोळा आणि धूळ गरगरा फिरवत दोन-चार शेते ओलांडते आणि बघता बघता विरून जाते. धूळ खाली बसते. पण तिला फिरवणारी ऊर्जा कुठे गेली? ऊर्जा नष्ट होत नाही, हे शाळेत शिकलेले असते. जमिनीशी घासून ती संपली म्हणावे, तर वावटळीचा बहुतेक भाग जमिनीला टेकलेलाच नसतो.

मोठ्या भोवऱ्यातली ऊर्जा त्याहून लहान भोवऱ्यांत, त्यांच्यातून आणखी लहानांत अशी जात राहते. भोवरे मिलिमीटरएवढे झाले की हवेच्या श्यानतेपुढे, म्हणजे अंतर्गत घर्षणापुढे, त्यांचा निभाव लागत नाही आणि ऊर्जेची उष्णता होते. रांजणावर घागर, घागरीवर मडके, मडक्यावर बोळके अशी घरात रचलेली असते, तशी ही भोवऱ्यांची उतरंड. पैनगंगेच्या पुरात, कारखान्याच्या धुराड्यात, मान्सूनच्या ढगात, जिथे जिथे प्रवाह प्रक्षुब्ध असतो तिथे ती असते. या उतरंडीबद्दल गेल्या शंभर वर्षांत काय कळले, कुठे घोडे अडले आहे आणि बुलढाण्याच्या शेतकऱ्याशी त्याचा काय संबंध, याचा हा आढावा.

रिचर्डसनची कल्पना, कोल्मोगोरोव्हचे गणित

उतरंडीची कल्पना मांडली ती लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने. तो क्वेकर पंथाचा, युद्धविरोधी. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमींची ने-आण करणाऱ्या पथकात होता. त्याच काळात त्याने २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेऊन सहा तासांनंतरचे हवामान हाताने गणित करून काढायचा प्रयत्न केला. उत्तर साफ चुकले: सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल असे गणित म्हणाले, प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता. १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने हे अपयश लपवले नाही. त्याच पुस्तकात मोठ्या भोवऱ्यांवर लहान भोवरे पोसले जातात आणि शेवटी श्यानता सगळे गिळते, हे चित्र आले.

त्याला आकड्यांची शिस्त लावली मॉस्कोच्या आंद्रेई कोल्मोगोरोव्हने, १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. त्याचे म्हणणे असे, की भोवऱ्यांच्या पिढ्या उतरत गेल्या की मूळ प्रवाहाची ओळख पुसली जाते. वारा पश्चिमेचा होता की दक्षिणेचा, खाली कपाशीचे रान होते की समुद्र, याची आठवण लहान भोवऱ्यांना राहत नाही. त्यांना एकच गोष्ट कळते: दर सेकंदाला, दर किलो हवेमागे, वरून किती ऊर्जा येते आहे. या एका दरावरून मधल्या सगळ्या आकारांचे वर्तन ठरते. दोन बिंदूंमधल्या वेगाचा फरक त्यांच्यातल्या अंतराच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे अंतर आठपट केले की वेगातला फरक दुप्पट होतो. हाच नियम वर्णपटाच्या, म्हणजे कोणत्या आकारात किती ऊर्जा आहे याच्या, भाषेत ‘उणे पाच-तृतीयांश’ म्हणून ओळखला जातो. कोल्मोगोरोव्हचा सहकारी ओबुखोव्ह, अमेरिकेतला लार्स ऑनसागर आणि जर्मनीतले हायझेनबर्ग व वाइत्झेकर हेही त्याच दशकात आपापल्या वाटेने याच निष्कर्षाला पोचले.

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. ऊर्जेचा शेवटचा घास श्यानता घेते. पण किती वेगाने घ्यायचा हे ती ठरवत नाही. ते वरचे मोठे भोवरे ठरवतात. श्यानता निम्मी झाली तरी दर तेवढाच राहतो, फक्त भोवऱ्यांना आणखी थोडे लहान व्हावे लागते. जेफ्री टेलरने १९३५ साली हे ताडले होते. १९८४ साली के. आर. श्रीनिवासन यांनी अनेक प्रयोगांची मोजमापे एकत्र करून त्याला भक्कम आधार दिला.

एका दुपारचा हिशेब

हे सगळे घाटाखालच्या दुपारला लावून पाहू. सूर्याच्या उन्हापैकी समजा दर चौरस मीटरला ३०० वॅट कोरड्या जमिनीकडून हवेला मिळतात. तापलेली हवा वर उठते. मे महिन्यात हे घुसळण जमिनीपासून अडीच किलोमीटर उंचीपर्यंत पोचते असे धरू. मग सर्वांत मोठ्या उसळ्यांचा वेग सेकंदाला सुमारे २.८ मीटर येतो आणि त्यांना खालून वर जायला पंधरा मिनिटे लागतात.

आता उतरंड मोजू. प्रत्येक पायरीला आकार आठपटीने लहान करत जाऊ. अडीच किलोमीटरनंतर ३१० मीटर, मग ३९ मीटर, ५ मीटर, ६० सेंटिमीटर, ८ सेंटिमीटर, १ सेंटिमीटर आणि शेवटी सव्वा मिलिमीटर. सात पायऱ्यांत खेळ आटोपला. वेग प्रत्येक पायरीला निम्मा होतो, म्हणजे तळाशी सेकंदाला दोनएक सेंटिमीटर. श्यानतेवरून स्वतंत्रपणे काढलेला सर्वांत लहान भोवऱ्याचा आकारही जवळपास एक मिलिमीटरच येतो. दोन्ही टोकांकडून केलेला हिशेब असा जुळतो.

आणि ऊर्जा? दर किलो हवेमागे सुमारे चार हजारांश वॅट. अडीच किलोमीटरच्या स्तंभात मिळून दर चौरस मीटरला १० वॅट. जमिनीने दिलेल्या ३०० वॅटपैकी जेमतेम तीन टक्के या वाटेने उतरतात आणि पुन्हा उष्णता होतात. त्याने हवा तापते ती तासाला दीड शतांश अंश, कुणाला जाणवणारही नाही एवढी. साऱ्या पृथ्वीचा हिशेब केला तरी चित्र असेच दिसते: वातावरणात दर चौरस मीटरला सरासरी दोन-तीन वॅट ऊर्जा वाऱ्यात येते आणि अखेर उतरंडीतून निघून जाते. पण वारा किती वाहणार, धूर किती पसरणार, ढगात बाष्प किती वर जाणार, हे सगळे या किरकोळ वाटणाऱ्या ऊर्जेवर ठरते.

पडताळा

कोल्मोगोरोव्हचा नियम तपासायला प्रचंड मोठा प्रवाह लागतो. प्रयोगशाळेतल्या नळीत उतरंडीच्या पायऱ्याच पुरेशा मिळत नाहीत. म्हणून पहिला खणखणीत पुरावा समुद्रातून आला. ग्रँट, स्टुअर्ट आणि मॉइलिएट यांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका भरतीच्या खाडीत मोजमापे घेतली आणि १९६२ साली ती प्रसिद्ध केली. उणे पाच-तृतीयांशाची रेषा अनेक पायऱ्यांपर्यंत सरळ मिळाली.

भारतात हे काम मान्सूनच्या निमित्ताने झाले. १९९० साली जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर येथे ३० मीटर उंचीचे मनोरे उभारून मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याखालच्या हवेचा अभ्यास करण्यात आला. तो ‘मॉन्टब्लेक्स’ या नावाने ओळखला जातो. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘कायपीक्स’ मोहीम. २००९पासून या मोहिमेत विमानांतून ढगांच्या आतली मोजमापे घेतली गेली आणि पुढे पर्जन्यछायेतल्या सोलापूरला तिचे ठाणे पडले.

तापलेल्या जमिनीवरच्या हवेला हाच नियम लागू पडतो का, हा बराच काळ वादाचा विषय होता. उत्प्लावक बल प्रत्येक पायरीला ढवळाढवळ करते, त्यामुळे नियम वेगळा असावा असा एक पक्ष. आयआयटी कानपूरचे महेंद्र वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये संगणकीय प्रयोगांतून दाखवले, की खालून तापणाऱ्या प्रवाहातही वर्णपट कोल्मोगोरोव्हच्याच वळणाचा असतो. रात्रीची गोष्ट वेगळी. जमीन थंड होते, जड हवा खाली साचते आणि उतरंड मध्येच तुटते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या उल्काविवरात २००६ साली झालेल्या मोहिमेत विवराच्या तळाशी साचणारी अशी थंड हवा मोजली गेली. लोणारचे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर त्याहून रुंद आहे आणि त्याच्या तळाशी पाणी आहे. तिथे असा अभ्यास झाला तर तो जगाच्या उपयोगाचा होईल.

लांडाऊची हरकत

कोल्मोगोरोव्हच्या मांडणीवर पहिला नेमका आक्षेप घेतला लेव्ह लांडाऊने, तिच्या जन्मानंतर वर्ष-दोन वर्षांतच. ऊर्जेचा दर सगळीकडे सारखा नसतो, मग सरासरी दरावरून सगळे वर्तन कसे ठरेल? आक्षेप बिनतोड होता. प्रत्यक्षात ऊर्जाव्यय ठिकठिकाणी एकवटलेला असतो: बराच भाग शांत आणि मधेच एखाद्या बारीक धाग्यासारख्या जागी सरासरीच्या शेकडोपट. कोल्मोगोरोव्हने १९६२ साली आपल्या सिद्धांतात दुरुस्ती केली. पुढे १९८५मध्ये ज्योर्जिओ पारिसी आणि उरिएल फ्रिश यांनी बहुखंडी (मल्टिफ्रॅक्टल) भूमितीची कल्पना आणली आणि मेनेव्हो व श्रीनिवासन यांनी ती प्रयोगांशी जुळवून दाखवली. पारिसींना पुढे २०२१चे नोबेल मिळाले. सरासरीच्या पातळीवर या दुरुस्त्या लहान आहेत: वेगातल्या फरकाच्या वर्गाचा घातांक दोन-तृतीयांशाऐवजी ०.७०. टोकाच्या घटनांसाठी मात्र त्या फार मोठ्या आहेत.

दुसरा प्रश्न यंत्रणेचा. मोठा भोवरा लहानाला ऊर्जा देतो म्हणजे नेमके काय करतो? पाठ्यपुस्तकातले उत्तर असे, की भोवरा ताणला जातो, बारीक होतो आणि जोरात फिरू लागतो. २०२०मध्ये मॉरिझिओ कार्बोने आणि अँड्र्यू ब्रॅग यांनी हिशेब मांडून दाखवले, की हे अर्धेच, आणि तेही धाकटे, उत्तर आहे. प्रवाहातला ताण स्वतःलाच वाढवत नेतो आणि ऊर्जेचा मोठा वाटा त्या वाटेने उतरतो. ऐंशी वर्षे शिकवलेली गोष्ट अशी बाजूला सरकते, यावरून हा विषय अजून किती कच्चा आहे ते कळावे. नेव्हिए-स्टोक्स समीकरणांची उत्तरे नेहमी सुरळीत राहतात का, या गणिती प्रश्नावर क्ले संस्थेने २०००मध्ये लावलेले दहा लाख डॉलरचे बक्षीस अजून कुणी जिंकलेले नाही.

उलटी उतरंड आणि मान्सून

आतापर्यंतची ऊर्जा खाली उतरणारी होती. १९६७ साली रॉबर्ट क्रेकनान याने दाखवले, की प्रवाह पातळ थरात कोंडला, म्हणजे जवळपास द्विमितीय झाला, तर भोवरे ताणता येत नाहीत आणि ऊर्जा उलट दिशेने, लहानाकडून मोठ्याकडे जाते. वातावरणाचा हवामान घडवणारा थर हजारो किलोमीटर रुंद आणि जेमतेम पंधरा किलोमीटर जाड आहे. मग त्याला कोणता नियम लागू?

दोन्ही, असे उत्तर विमानांनी दिले. सत्तरच्या दशकात प्रवासी विमानांवर बसवलेल्या उपकरणांच्या हजारो उड्डाणांतल्या नोंदी नॅस्ट्रॉम आणि गेज यांनी १९८५ साली मांडल्या. हजार किलोमीटरच्या वरच्या आकारांत द्विमितीय प्रवाहासाठी क्रेकनानने सांगितलेला ‘उणे तीन’चा नियम, आणि काहीशे किलोमीटरच्या खाली पुन्हा पाच-तृतीयांश. या खालच्या पट्ट्यात ऊर्जा वर जाते की खाली, यावर पुढची पंधरा वर्षे वाद चालला. एरिक लिंडबोर्गच्या विश्लेषणाने पारडे खाली उतरण्याकडे झुकवले. आज बहुतेकांचे मत तेच आहे. पण पावसाळी ढगांच्या पट्ट्यात ते सर्वत्र खरे आहे का, हे मोकळेच आहे.

कारण ढग हा उतरंडीच्या मधल्या पायरीवर नव्याने ऊर्जा ओततो. बाष्पाचे पाणी होताना अप्रकट उष्मा मोकळा होतो, आणि तो काही किलोमीटरच्या आकारात. रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरला टाकीतल्या पाण्याच्या प्रवाहाला मधेच विजेने ऊब देऊन ढगाची नक्कल केली आणि २०११मध्ये दाखवले, की अशी ऊब मिळालेला प्रवाह भोवतालची हवा आत ओढण्याची आपली रीतच बदलतो. ढगाचा माथा किती उंच जाणार, हे त्यावर अवलंबून असते. मोठ्या आकाराच्या बाजूने डी. आर. सिक्का आणि पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी १९८० साली उपग्रहचित्रांतून दाखवले, की पावसाळ्यात ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरून पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकतो. किलोमीटरभराचे ढग मिळून हजारो किलोमीटरचा पट्टा बांधतात. ही क्रेकनानच्या अर्थाने उलटी उतरंड नव्हे. पण लहानाकडून मोठ्याकडे जाणारी वाट आहेच, आणि विदर्भातले पावसाचे खंड व जोर याच चढउतारांशी बांधलेले आहेत.

अंदाजाची सीमा

उतरंडीतून येणारा सर्वांत व्यावहारिक निष्कर्ष १९६९ साली एडवर्ड लॉरेन्झ याने काढला. वर केलेल्या हिशेबाकडे पुन्हा पाहा. सर्वांत मोठ्या उसळीला पंधरा मिनिटे लागतात; आठपट लहान भोवऱ्याला त्याच्या चौथाई वेळ, त्याहून लहानाला आणखी चौथाई. तळाच्या मिलिमीटरमध्ये झालेली चूक पायरीपायरीने वर चढते, आणि तिला लागणारा वेळ पंधरा, पावणेचार, सुमारे एक, पाव मिनिट अशी बेरीज होते: एकूण वीस मिनिटे. पायऱ्या कितीही वाढवा, मोजमाप कितीही बारीक करा, बेरीज विसाच्या पुढे सरकत नाही. उपकरणे सुधारून भविष्य हवे तेवढे लांब पाहता येईल, ही आशा इथे संपते. लॉरेन्झच्या अंदाजाने एकेका ढगासाठी ही सीमा तासाभराची, कमी दाबाच्या क्षेत्रांसाठी काही दिवसांची आणि सर्वांत मोठ्या लाटांसाठी काही आठवड्यांची.

जुलै २०२३मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने शेते खरवडून गेली. विदर्भात जोरदार पाऊस होणार, हे अशा वेळी दोन-तीन दिवस आधी सांगता येते, कारण ते मोठ्या आकाराचे काम आहे. नेमका कोणत्या नाल्याला पूर येणार, हे काही तास आधीच कळू शकते. हा फरक हवामान खात्याच्या कर्तृत्वाचा नाही, उतरंडीचा आहे.

त्याच जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाळ्याचे महिनावार भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला दुरून शेतकरी येतात. त्यांची गरज खरी आहे. पेरणी साधली नाही तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. पण एवढ्या आधी एखाद्या भागाचा महिन्या-महिन्याचा पाऊस सांगणे कुणालाच शक्य नाही: घटाला नाही, महासंगणकालाही नाही. हंगामाची सरासरी मात्र काही प्रमाणात सांगता येते, कारण ती सावकाश बदलणाऱ्या समुद्राच्या तापमानावर टेकलेली असते. जूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ साली ही बाजू मांडली.

संगणकाचे बळ मात्र वाढले आहे. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही अंदाजप्रणाली मे २०२५मध्ये सुरू झाली. आधीच्या प्रारूपात गणितासाठी पाडलेला बारा किलोमीटरचा चौकोन आता सहाचा झाला. बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर. पूर्वी तो साधारण ६७ चौकोनांत बसायचा, आता २६८ चौकोनांत. तरी लोणारसारखी नऊ विवरे एका चौकोनात मावतील. शिवाय विल्यम स्कमारॉक यांनी २००४ साली वर्णपट तपासून दाखवले, की प्रारूपाला खऱ्या अर्थाने दिसते ते चौकोनाच्या सातपट अंतरापासून पुढचे. म्हणजे चाळीसएक किलोमीटर, जवळपास बुलढाणा ते मलकापूर. तेवढ्यात चारशे मीटरचा घाट उतरून होतो.

चौकोनाहून लहान भोवऱ्यांचे काय? त्यांची ऊर्जा कुठे तरी नेऊन सोडावी लागते, नाहीतर ती चौकोनांच्या सीमेवर साचते आणि गणित फुटते. जोसेफ स्मॅगोरिन्स्कीने १९६३ साली यावर तोड काढली: लहान भोवरे दिसत नसले तरी ते ज्या दराने ऊर्जा खाली नेतात तेवढ्याच दराने ती काढून घ्यायची. आजची बहुतेक प्रारूपे या ना त्या रूपात हेच करतात. सगळे भोवरे प्रत्यक्ष मोजू म्हणावे, तर घाटाखालच्या त्या एका दुपारच्या अडीच किलोमीटरच्या एका घनासाठी दीडावर एकोणीस शून्ये एवढे बिंदू लागतील. अमेरिकेतल्या ‘फ्राँटियर’ महासंगणकावर पी. के. युंग यांच्या गटाने केलेल्या सर्वांत मोठ्या संगणनात ३५ लाख कोटी बिंदू आहेत. अजून चार लाखपट मजल बाकी आहे.

काय पक्के, काय बाकी

पक्के ते असे: सरासरीला ऊर्जा खाली उतरते, तिचा दर वरचे भोवरे ठरवतात आणि मधल्या आकारांत कोल्मोगोरोव्हचा नियम थोड्या दुरुस्तीने टिकतो. बाकी आहेत ते टोकाच्या घटनांचे गणित, ढगांनी मध्येच ओतलेल्या ऊर्जेचा हिशेब आणि डोंगराच्या कडेने उतरंड कशी वाकते याचे ज्ञान. बुलढाण्याचा पाऊस या तिन्ही न सुटलेल्या जागांवर पडतो.

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पीकविम्याला ती हवीतच. पण पाऊस आणि सरासरी वारा मोजून ऊर्जा उतरण्याचा दर कळत नाही. त्यासाठी सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याचा वेग टिपणारे, ध्वनिलहरींवर चालणारे वातमापक मनोऱ्यावर चढवावे लागतात. असा एक मनोरा घाटावर आणि एक घाटाखाली, दोन पावसाळे नीट चालवला, तर प्रारूपात अंदाजपंचे घातलेल्या आकड्याच्या जागी मोजलेला आकडा येईल. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेने आणि पुण्याच्या हवामान संस्थेने मिळून हे काम हाती घ्यावे. त्याचा खर्च महासंगणकाच्या मानाने नगण्य आहे, आणि सहा किलोमीटरच्या चौकोनाचा खरा उपयोग त्याशिवाय व्हायचा नाही.